समोरच्याला तुमच्या कर्जाचा आकडा माहीत असेल तर?

आज अमेरिकेतल्या एका कंपनीची गोष्ट. नाव एनव्हिजन हेल्थकेअर. हॉस्पिटलांना इमर्जन्सीचे आणि भूल देणारे डॉक्टर पुरवायचे, हा तिचा मुख्य धंदा.

2018 मध्ये केकेआर या गुंतवणूक कंपनीने ती कर्जासकट साधारण 990 कोटी डॉलरला घेतली. आता अशा सौद्यांत गंमत बघा. घेणारा सगळा पैसा स्वतःचा घालत नाही. बराचसा कर्जाऊ काढतो, आणि ते कर्ज बसतं विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर! एनव्हिजनवर ते 700 कोटी डॉलरच्या वर होतं.

एवढं फेडायचं तर विमा कंपन्यांकडून दर चढेच मिळायला हवेत. त्यासाठी या धंद्यात एक हत्यार होतं. हॉस्पिटल विम्याच्या नेटवर्कमधलं, पण आतला डॉक्टर नेटवर्कबाहेरचा. मग तो स्वतःचा दर लावणार, विमा कंपनी देईल तेवढं देणार आणि उरलेलं बिल पेशंटच्या घरी जाणार. छातीत कळ आल्यावर कोण विचारतं हो, डॉक्टर तुम्ही कुठल्या नेटवर्कमधले? पेशंटचा आरडाओरडा नको म्हणून विमा कंपन्या दर वाढवून द्यायच्या. माझ्या मते हा सरळ सरळ पेशंटला ओलीस धरण्याचा प्रकार होता.

मग फासे पालटले. युनायटेडहेल्थकेअर या बलाढ्य विमा कंपनीचं म्हणणं, एनव्हिजनचे दर अवाच्या सवा आहेत. बोलणी फिसकटली आणि जानेवारी 2021 पासून एनव्हिजन तिच्या नेटवर्कबाहेर गेली. जानेवारी 2022 पासून 'नो सरप्रायझेस अ‍ॅक्ट' लागू झाला. अशी बिलं पेशंटला पाठवायची नाहीत. आधी आपापसात बोला, नाही जमलं तर लवादाकडे जा. हत्यार गेलं. लवादाकडे तर प्रकरणांचा ढीग साचला.

इथे खरा प्रश्न येतो: थांबणं कोणाला परवडतं? विमा कंपनीला महिने गेले तरी फरक पडत नाही. एनव्हिजनला व्याज भरायचंय, डॉक्टरांचे पगार द्यायचेत. त्यात 2022 मध्ये अमेरिकेत व्याजदर चढले. आणि एवढं मोठं कर्ज काही झाकून राहत नाही. टेबलापलीकडच्यांना आकडा माहीतच असतो. मग ते घाई कशाला करतील?

मे 2023 मध्ये बातमी आली, लवादाने एनव्हिजनच्या बाजूने निकाल दिला. युनायटेडहेल्थकेअरने 2017 आणि 2018 मध्ये पैसे कमी दिले होते, त्याबद्दल सुमारे 9 कोटी 10 लाख डॉलर द्यावेत. म्हणजे कंपनीचं म्हणणं तिथे बरोबर ठरलं, पण पाच वर्षांनी. आणि त्याच महिन्यात तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

पुढे कंपनीचे दोन भाग झाले. शस्त्रक्रिया केंद्रं चालवणारी अ‍ॅमसर्ज वेगळी झाली. केकेआरचे मालकीतले पैसे बुडाले आणि मालकी गेली कर्ज देणाऱ्यांकडे. विमा कंपन्यांशी दराची बोलणी मात्र डॉक्टरांच्या कंपनीला अजून करावीच लागतात.