परिवीक्षा अधिकाऱ्याचा दिवस
(दोंडाईचा येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



धुळ्याच्या तुरुंगाचे नाव निघाले की आपल्याला १९३२ साल आठवते. विनोबांनी तेथे गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तुरुंगाच्या दारातूनच परत फिरवता येण्याजोग्या माणसांविषयी मला आज बोलायचे आहे.

एकवीस वर्षांखालील तरुण दोषी ठरला तरी, गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल तर त्याला शक्यतो तुरुंगात धाडू नये, असे १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा सांगतो. त्यासाठी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो. कलम १४ प्रमाणे या अधिकाऱ्याने घरची परिस्थिती पाहावी, सुटलेल्यावर देखरेख ठेवावी, गरज पडल्यास त्याला काम मिळवून देण्याची खटपट करावी.

प्रत्यक्षात त्याचा दिवस कसा जातो? कार्यालय जिल्ह्याच्या गावी आणि क्षेत्र धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा असे चार तालुक्यांचे. दोंडाईच्याच्या मिरची बाजारातील एखाद्या हमालाच्या पोराची चौकशी करायची, तर जाण्यायेण्यातच अर्धा दिवस सरतो. आई निंदणीला, बाप कामावर. म्हणजे दुसरी खेप आलीच. अल्पवयीनाच्या बाबतीत २०१५ च्या बालन्याय कायद्याने अहवालाला पंधरा दिवसांची मुदत घातलेली. शिवाय न्यायालयाच्या तारखा आणि कागदपत्रे. यातून उरेल तो वेळ माणसाचा!

अशा घाईत ‘घरी कोणी भेटले नाही’ याचे ‘देखरेखीस कोणी नाही’ असे होते. मजुरी हाच दोष ठरतो आणि पोराची तुरुंगाची वाट मोकळी होते. जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा देशभरातून १९५२ साली गेला. परंतु पोराऐवजी त्याच्या वस्तीचीच चौकशी होते, तेव्हा तो मागल्या दाराने परत येतो.

म्हणून आपली मागणी साधी असावी. अधिकाऱ्यांची पदे भरा, प्रवासाची सोय करा, तालुक्याच्या गावी त्यांचा वार ठरवा. मात्र मागणी करून आपली जबाबदारी संपत नाही. मान्यताप्राप्त संस्थेने दिलेल्या व्यक्तीलाही कलम १३ हे काम करू देते. सरकारी पदे रिकामी ठेवण्यासाठी ही सबब होऊ नये. पण मुकादमाला भेटून एका पोराला काम लावून देणे आपल्याला अशक्य आहे काय?

अधिकाऱ्याजवळ वेळ नाही, हे आपण जाणतो. आपला वेळ कुठे जातो, तेही एकदा पाहू या.