खाऱ्या जमिनीतलं गोड पाणी
(मलकापूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



माझ्या दादीचं माहेर पूर्णाकाठचं, खारपाण पट्ट्यातलं. दारात विहीर होती, पण पाणी खारट. त्यात डाळ शिजत नसे. पिण्याचं पाणी डोक्यावरून लांबून आणावं लागे. दादी म्हणायची, "विहीर आहे म्हणजे पाणी आहे असं समजू नको, बेटा." आज हेच वाक्य सोबत घेऊन मी तुम्हाला जरा लांब, इराणच्या वाळवंटात नेणार आहे. आणि परत मलकापुरात आणणार आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. इराणच्या उत्तरेला अल्बोर्झ पर्वत, पश्चिमेला झाग्रोस. बहुतेक ढग या डोंगरांवरच रिकामे होतात. मधल्या पठारावर दश्त-ए-कवीर आणि दश्त-ए-लूत ही वाळवंटं. कवीर तर मिठाचंच. मग तिथे शेती झाली कशी, शहरं वसली कशी?

उत्तर डोंगराच्या पायथ्याशी होतं. वरचं बर्फ वितळून पायथ्याच्या गोट्या-वाळूत मुरतं. लोकांनी ते तिथेच गाठलं. तिथे खोल विहीर खणायची. तिला म्हणतात 'मादर चाह', आईविहीर. पाणी लागलं की गावाच्या बाजूने तिच्यापर्यंत जमिनीखालून बोगदा न्यायचा, अगदी हलका उतार ठेवून. माती काढायला आणि हवा खेळायला मधे मधे उभ्या विहिरी. मोट नको, पंप नको. पाणी उताराने आपोआप येतं आणि उन्हाने उडून जात नाही. हीच कनात. गोनाबादची कनात सुमारे ३३ किलोमीटर लांब आहे. २०१६ साली युनेस्कोने तिच्यासह इराणच्या ११ कनाती जागतिक वारसा यादीत घेतल्या.

आता बघा, या भूगोलाने माणसं कशी घडवली. पाणी जिथे बाहेर येईल तिथे गाव. आधी पिण्याचं, मग बागांचं, मग शेताचं. वाटणी वेळेवर. तळाला बारीक छिद्र पाडलेलं भांडं पाण्यावर ठेवायचं आणि ते किती वेळा बुडालं यावरून प्रत्येकाची पाळी मोजायची. कनात खणणं एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार लिहितो की कोरड्या जागी पाणी आणणाऱ्याला इराणी राज्यकर्ते ती जमीन पाच पिढ्या कसायला देत. पुढे नवव्या शतकात खुरासानचा सुभेदार अब्दुल्लाह बिन ताहिर याने कनातींच्या हक्कांवर फकीह मंडळींकडून ग्रंथच लिहून घेतला. वाळवंटात पाण्याचा कायदा नसेल तर गाव टिकत नाही, हे त्यांना कळलं होतं.

ही विद्या आपल्या शेजारीच येऊन पोहोचली. इथून उत्तरेला जाणारा रस्ता बुऱ्हाणपूरला जातो. तिथे मोगलांची मोठी छावणी होती, माणसं वाढत होती. १६१५ च्या सुमारास तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने ओळखलं की सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे सरकतं. ते वाटेत धरून शहरात आणलं. शंभराहून अधिक कुंड्यांचा तो कुंडी भंडारा आजही पाहता येतो. त्याच काळात मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर-ए-अंबरीचं पाणी आणलं. हबशी मुलुखात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस. त्याचं नाव आपण लढायांसाठी घेतो, नहरीसाठीही घ्यायला हवं.

मलकापुरात आपण कनात खणू असं मी म्हणत नाही. आपली जमीन वेगळी, आपला पाऊस वेगळा. इराणच्या वाळवंटाच्या मानाने आपल्याकडे पाऊस पुष्कळ पडतो. म्हणूनच आपण बेफिकीर झालो का, हा माझा प्रश्न आहे.

आमच्या मोहल्ल्यात एक जुनी विहीर होती. नळ आले, आणि तिच्यात कचरा पडायला लागला. दुसऱ्या कुणी नाही, आम्हीच टाकला. लहानपणी मीही पिशव्या टाकल्या आहेत. आज ती बुजली आहे, आणि उन्हाळ्यात त्याच गल्लीत टँकरची वाट बघत भांडणं होतात. भांडणात पुढे असतात बाया आणि पोरं, कारण घागरी त्यांच्याच डोक्यावर असतात.

म्हणून पावसाळ्याआधी एवढं करू या. आपापल्या मोहल्ल्यातल्या विहिरी मोजा. किती जिवंत, किती बुजलेल्या, ते वहीत लिहा. जी साफ होऊ शकते ती मिळून साफ करा. मशीद, मदरसा, शाळा यांच्या छतावरचं पाणी गटारात न जाता गाळून टाकीत किंवा विहिरीत कसं जाईल, हे जाणकाराला विचारा. या कामात शेजारच्या गल्लीलाही बोलवा. जमिनीखालचं पाणी मोहल्ल्याची हद्द ओळखत नाही.

दादीच्या नशिबी खारी जमीन होती, तिला ती निवडता आली नाही. विहीर मात्र आपण आपल्या हाताने बुजवली. ती उपसायलाही हेच हात लागतील.