आतड्यातील शेजारधर्म



मानवी देहात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू वास करतात, असा अंदाज २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडला. त्यांतील बहुतेकांचे वसतिस्थान म्हणजे मोठे आतडे. त्यांच्याच शेजारी अल्प संख्येने बुरशीही नांदते. ‘कॅन्डिडा अल्बिकन्स’ ही त्यांतील सर्वपरिचित. अनेक निरोगी माणसांच्या आतड्यात ती कोणताही उपद्रव न देता असते.

तिला मर्यादेत ठेवण्याचे कार्य जीवाणू करतात. जागा आणि अन्न ते आधीच व्यापतात. धान्य, डाळी, भाज्या व फळे यांतील चोथा आंबवून ते सौम्य आम्ले निर्माण करतात; त्यांमुळे बुरशीची वाढ मंदावते. काही जीवाणू आतड्याच्या अस्तराला बुरशीनाशक द्रव्य निर्माण करण्यास प्रवृत्त करतात, असे २०१५ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले.

प्रतिजैविक औषधे घातक जीवाणूंबरोबर या रक्षकांचाही संहार करतात. बुरशीला मात्र ती मारीत नाहीत. भरल्या पेठेतील गाळे एकाएकी रिकामे व्हावेत आणि कोपऱ्यातील एकाने ते सारे बळकवावेत, तसा हा प्रकार होय. मग हीच बुरशी तंतूंचे रूप धारण करून अस्तरात शिरू शकते. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाच्या ती रक्तात पोहोचली, तर प्राणावर बेतते.

या संकटावर उपाय शोधला तो अमेरिकेतील दोन स्त्रीशास्त्रज्ञांनी. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, तर रेचेल ब्राउन ऑल्बनी येथे काम करीत. नमुन्यांची देवाणघेवाण टपालाने चाले. व्हर्जिनियातील एका शेताच्या मातीत सापडलेल्या जीवाणूपासून त्यांनी ‘निस्टॅटिन’ हे बुरशीनाशक मिळविले आणि १९५० साली ते जगापुढे ठेवले. बुरशीवरील औषध जीवाणूनेच दिले! त्यातून लाभलेले १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक स्वामित्वधन या दोघींनी स्वतःकडे न ठेवता संशोधनकार्यास अर्पण केले.

सारीच बुरशी शत्रू नसते. ‘सॅकॅरोमायसिस बोलार्डी’ हे किण्व प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी वैद्यकात वापरले जाते. प्रश्न समतोलाचा आहे.

सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते; त्यावर प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात. तरीही दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेण्याची सवय घरोघरी आढळते. खरा जंतुसंसर्ग असेल, तर डॉक्टरांनी दिलेले औषध सांगितल्याप्रमाणे अवश्य घ्यावे. अकारण मात्र एकही गोळी घेऊ नये. देहातील हे अदृश्य शेजारी जपणे, हेच आरोग्य जपणे होय.