तिघांत साथीदार कोण?

माझे एक काका तबला वाजवीत असत. दिवसां कचेरींत कारकुनी आणि रात्रीं कोणाची तरी साथ, असा त्यांचा चाळीस वर्षांचा क्रम होता. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर गायकाचें नांव ठळक अक्षरांत असे. काकांचें नांव अगदीं तळाशीं, 'साथीला' ह्या शब्दानंतर, आणि तेंही जागा उरली तर. लहानपणापासून मी त्यांच्याबरोबर मैफलींना जात असें. कोणत्या बुवांनीं कोणत्या रात्रीं कोणता राग आळवला, हें मी आजही सांगूं शकेन. पण त्या रात्रीं काकांनीं काय वाजविलें, असें कोणी विचारलें तर मला मान खालीं घालावी लागेल. मी त्यांच्या पाठीशीं बसत असें. त्यांना ऐकत मात्र नसें.

ही चूक माझ्या ध्यानांत आली ती काका गेल्यावर, आणि तीही आपल्या संगीतामुळें नव्हे. जॅझ नांवाच्या दूरदेशच्या संगीतानें, त्यांतही पियानो, डबल बेस व ड्रम अशा तीन वाद्यांच्या लहानशा मेळानें ती मला दाखवून दिली. इंग्रजींत ह्या मेळाला 'ट्रायो' म्हणतात. आपण त्याला त्रिकूट म्हणूं. ह्या त्रिकुटाची ओळख करून द्यावी आणि अलीकडच्या काळांतील कोणतीं त्रिकुटें ऐकण्याजोगीं आहेत तें सांगावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

जॅझ मुंबईला अगदींच अपरिचित नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत टेडी वेदरफर्ड हा अमेरिकन पियानोवादक येथील ताजमहाल हॉटेलांत वाजवीत असे. चिक चॉकलेट ह्या नांवानें गाजलेला ट्रम्पेटवादक मूळचा गोमंतकीय. त्याच्यासारख्या वादकांच्या हातून हें संगीत पुढें हिंदी बोलपटांच्या वाद्यवृंदांत शिरलें. पण तें मोठ्या ताफ्याचें, नाचण्यासाठीं वाजविलेलें संगीत होतें. मी ज्याविषयीं बोलत आहें तें स्वस्थ बसून, कान देऊन ऐकावयाचें संगीत आहे. त्याचें नातें नृत्यगृहाशीं कमी आणि आपल्या बैठकीशीं अधिक.

पियानो आपणां सर्वांस ठाऊक आहे. डबल बेस हा व्हायोलिनच्या कुळांतला थोरला भाऊ. माणसाहून उंच, उभा धरून वाजवावयाचा. जॅझमध्यें त्याच्या तारा बहुधा गजानें न घासतां बोटांनीं छेडतात. ड्रम म्हणजे एकच ढोल नव्हे, तर लहानमोठे ढोल आणि धातूच्या झांजा ह्यांचा संच. दोन्ही हात व दोन्ही पाय कामाला लावून एकच माणूस तो वाजवितो. कधीं लांकडी काठ्यांनीं, तर कधीं तारेच्या मऊ ब्रशांनीं.

ह्या तिघांपुढें लिहिलेलें असें फार थोडें असतें. एखादें गीत घेतात. पुष्कळदां तें बत्तीस खंडांचें असतें आणि प्रत्येक खंडांत चार मात्रा असतात. प्रथम तें गीत सरळ वाजवितात. मग तेंच वर्तुळ पुन्हां पुन्हां फिरत राहतें आणि त्याच्यावर नव्या स्वरावलींची उपज होते. ज्याला आपल्या आवर्तनाची संवय आहे त्याला ही रचना उमजावयास वेळ लागूं नये. भेद इतकाच कीं, आपल्याकडे आवर्तनांत मात्रा बांधलेल्या असतात. तेथें मात्रांबरोबर एकाच वेळीं उमटणाऱ्या स्वरगुच्छांचा क्रमही बांधलेला असतो. तो क्रम तिघेही मनांत चालवीत असतात, मग कोणी तो वाजवो अथवा न वाजवो. म्हणूनच एकानें वाट सोडली तरी दुसऱ्याला ती सांपडते.

आरंभीं ह्या त्रिकुटाचें रूप निराळें होतें. १९३७ सालीं नॅट किंग कोल ह्यानें जमविलेल्या मेळांत पियानो आणि बेस ह्यांच्या जोडीला गिटार होती, ड्रम नव्हता. पुढें गिटारची जागा हळूहळू ड्रमनें घेतली. १९५८ च्या जानेवारींत शिकागोच्या पर्शिंग हॉटेलांत अहमद जमाल ह्याच्या त्रिकुटाचें ध्वनिमुद्रण झालें. त्यांत पियानो मधूनमधून चक्क थांबतो, आणि बेस व ड्रम मोकळ्या पटांगणांत चालावे तसे पुढें चालत राहतात. वाजविणाऱ्यानें न वाजविण्याचें बळ ओळखलें, हें त्या ध्वनिमुद्रणाचें मोठेपण.

परंतु ह्या कलेचा खरा वळणबिंदु म्हणजे २५ जून १९६१ चा रविवार. न्यूयॉर्कमध्यें व्हिलेज व्हॅन्गार्ड नांवाचें एक तळघर आहे. तेथें त्या दिवशीं बिल एव्हन्स पियानोवर, स्कॉट लाफॅरो बेसवर आणि पॉल मोटियन ड्रमवर होता. लोकांच्या गप्पा आणि पेल्यांचा किणकिणाट अजूनही त्या ध्वनिमुद्रिकांत ऐकूं येतो. लाफॅरो पंचवीस वर्षांचा होता. पियानोच्या खालीं मात्रा धरून ठेवण्याचें बेसचें ठरलेलें काम त्यानें जणूं बाजूला ठेविलें; पियानोनें एक वाक्य उच्चारावें आणि त्यानें तें अर्ध्यावरच उचलावें, असें तें वादन आहे. त्यानंतर अकराव्या दिवशीं मोटारीच्या अपघातांत लाफॅरो गेला. एव्हन्सनें कित्येक महिने वादन थांबविलें. साथीदार गेल्यानें मुख्य वादकाचा हात थांबावा, तर त्यांतला मुख्य कोण आणि साथीदार कोण?

मी हें ध्वनिमुद्रण प्रथम ऐकलें तेव्हां मला फक्त पियानो ऐकूं आला. गोड वाजवितो, एवढाच माझा अभिप्राय. माझी एक भाची ह्या संगीताची जाणकार आहे. ती म्हणाली, "मामा, पुन्हां एकदां ऐका, पण ह्या वेळीं पियानो वाजतच नाहीं असें समजा." मीं तसें केलें आणि थक्क झालों. जें मला पार्श्वभूमि वाटलें होतें तेथें एक सबंध माणूस बोलत होता. तेव्हांपासून माझा नेम असा कीं, नवें त्रिकूट मिळालें म्हणजे तोच तुकडा तीन वेळां ऐकावयाचा : एकदां पियानोसाठीं, एकदां बेससाठीं, एकदां ड्रमसाठीं. एक व्यावहारिक सूचना करतों. हातांतल्या फोनच्या इवल्या ध्वनिक्षेपकांतून बेसचे खर्जांतले स्वर जवळजवळ नाहींसेच होतात. कानाला लावावयाचा चांगला हेडफोन किंवा घरांतला मोठा स्पीकर वापरा. नाहीं तर तिघांपैकीं दोघेच तुमच्या घरीं येतील.

आतां अलीकडच्या त्रिकुटांकडे वळूं. ज्याला परिचित वाटेनें आंत शिरावयाचें आहे त्यानें ब्रॅड मेल्डाऊ ह्याच्यापासून आरंभ करावा. १९९७ ते २००१ ह्या काळांत 'द आर्ट ऑफ द ट्रायो' ह्या नांवानें त्याचे पांच संग्रह निघाले. त्यांत बेसवर लॅरी ग्रेनेडिअर आणि ड्रमवर होर्हे रॉसी आहे. मेल्डाऊचा डावा हात उजव्याचा चाकर नाहीं. दोन्ही हात दोन स्वतंत्र चाली चालवितात. तो जुन्या नाटकांतलीं गीतें घेतो, तसेंच बीटल्सचें किंवा रेडिओहेडचें गीतही घेतो. २००५ पासून ड्रमवर जेफ बॅलर्ड आला. दोन्ही काळांतलें वादन शेजारीं शेजारीं ठेवून ऐकावें. पियानो तोच, बेस तोच. पण ड्रमवरचा हात बदलतांच घराची हवा बदलते.

युरोपांत स्वीडनच्या एस्ब्योर्न स्वेन्सन ह्याच्या त्रिकुटानें जॅझपासून दूर राहणाऱ्या तरुणांनाही ओढून आणलें. डान बेर्ग्लुंड आपल्या बेसला गज लावून आणि विजेच्या साधनांनीं त्याचा ध्वनि पालटून असा कांहीं आवाज काढतो कीं, हें वाद्य कोणतें असा प्रश्न पडावा. ड्रमवरचा मॅग्नस ओस्ट्रॉम हा स्वेन्सनचा बाळपणचा सोबती. १४ जून २००८ रोजीं पाण्याखालीं पोहतांना झालेल्या अपघातांत स्वेन्सन वारला. तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्रिकूट तेथेंच संपलें. दुसरा पियानोवादक बसवून तेंच नांव चालविणें त्या दोघांना शक्य होतें. तसें त्यांनीं केलें नाहीं.

ज्यांना शांतता हवी त्यांनीं नॉर्वेचा टॉर्ड गुस्टावसेन ऐकावा. 'चेंजिंग प्लेसेस' हा त्याचा २००३ चा संग्रह संध्याकाळीं दिवा लावण्यापूर्वीं ऐकण्याचा आहे. पोलंडचें मार्चिन वासिलेव्स्की ह्याचें त्रिकूट तर अगदीं तरुण वयापासून एकत्र वाढलें. इतक्या वर्षांच्या सहवासानंतर त्यांना एकमेकांकडे पाहावेंही लागत नसावें, असें २००५ चा त्यांचा 'ट्रायो' हा संग्रह ऐकतांना वाटतें. उलट अमेरिकेंतील 'द बॅड प्लस' हें त्रिकूट दणदणीत आणि थोडें वात्रट. त्याच्या नांवांत कोणाही एका वादकाचें नांव नाहीं, आणि हें जाणूनबुजून आहे. पियानोवादक बदलला तरी मेळ टिकला. २०२१ नंतर तर पियानोच गेला आणि त्याच्या जागीं गिटार व सॅक्सोफोन आले. पियानोवांचून उरलें तेंच त्या मेळाचें हाड असावें!

विजय अय्यर हें नांव आपल्या कानांना ओळखीचें वाटेल. तामिळ आईबापांच्या पोटीं १९७१ सालीं अमेरिकेंत त्याचा जन्म झाला. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून तो व्हायोलिन शिकला. पियानो मात्र बराचसा स्वतःच्या कानानें शिकला. विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकलेला हा गृहस्थ पुढें हार्वर्डमध्यें संगीताचा प्राध्यापक झाला. २००९ चा 'हिस्टॉरिसिटी' हा त्याचा संग्रह प्रथम ऐकावा. त्यांतली लय एकाच वेळीं दोन प्रकारें मोजतां येते. कोणत्या मोजणीनें आपण चाललों आहों ह्याचा पत्ता श्रोत्याला मध्येंच लागेनासा होतो, आणि मग अवचित पाऊल जमिनीला लागतें. समेवर येण्याचा आनंद ज्याला माहीत आहे त्याला हें सांगावयास नको.

परंतु मला सांगावयाची खरी युक्ति पुढेंच आहे. नवीं त्रिकुटें शोधावयाचीं तर पियानोवादकाचें नांव पकडूं नका. शेपटाकडचीं दोन नांवें पकडा. 'हिस्टॉरिसिटी'वर ड्रम वाजविणारा मार्कस गिलमोर हा रॉय हेन्सचा नातू. हेन्स नव्याण्णव वर्षें जगून २०२४ सालीं वारला. १९६८ सालीं चिक कोरिया ह्याच्या त्रिकुटांत ड्रमवर हाच आजोबा होता. आधीं तो आणि मग हा असें ऐका. घराणें म्हणजे काय तें कळेल. तोच गिलमोर २०२५ च्या 'सदर्न नाइट्स' ह्या संग्रहांत सलिव्हन फोर्टनर ह्या पियानोवादकाबरोबर सांपडतो. म्हणजे एका नांवानें तीन त्रिकुटें हातीं लागलीं.

दुसरा धागा पाहा. २०२१ च्या 'अनईझी' ह्या अय्यरच्याच संग्रहांत बेसवर लिंडा मे हॅन ओ आहे. ती मलेशियांत जन्मली आणि ऑस्ट्रेलियांत वाढली. ड्रमवर टायशॉन सोरी आहे. ह्या सोरीनें २०२२ सालीं स्वतःच्या नांवानें 'मेस्मरिझम' हा संग्रह काढला. त्यांत अ‍ॅरन डील पियानोवर आणि मॅट ब्रूअर बेसवर आहे. म्हणजे येथें म्होरक्याच ड्रमवाला आहे! पण तो पुढें पुढें करीत नाहीं. पियानोला इतकी जागा देतो कीं, अजाण श्रोत्यानें त्याला साथीदारच समजावें. २०२४ सालीं संगीतरचनेसाठीं पुलित्झर पारितोषिक मिळविलेला हा माणूस झांजेवर हलकासा आघात करून तो विरेपर्यंत थांबतो. त्या संग्रहांतली एक रचना पॉल मोटियनची आहे. होय, १९६१ च्या त्या रविवारीं तळघरांत ब्रश फिरविणारा तोच मोटियन. एका ड्रमवाल्यानें साठ वर्षांनंतर दुसऱ्या ड्रमवाल्याला केलेला तो नमस्कार आहे.

सर्वच त्रिकुटें ऐकण्याजोगीं असतात असें मात्र मुळींच नाहीं. हॉटेलांच्या दिवाणखान्यांत चहाच्या पेल्याबरोबर वाढण्यासारखें पुष्कळ वादन ह्या नांवाखालीं खपतें. माझी कसोटी साधी आहे. मनांतल्या मनांत बेस काढून टाका. कांहींच उणें वाटलें नाहीं, तर तें त्रिकूट नव्हे. तो एकटा पियानो आणि दोन पगारी माणसें.

काकांची एकच कॅसेट घरांत उरली आहे. एका परिचिताच्या घरची खाजगी बैठक. गाणाऱ्या बाई आतां हयात नाहींत. विलंबित एकताल आहे. वर्षानुवर्षें मीं ती बाईंसाठीं ऐकली. गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं, भाचीनें सांगितलें होतें तसें, बाई गातच नाहींत असें समजून ऐकावयास बसलों. एके ठिकाणीं तान लांबली, आणि बाई समेला पोंचतात कीं नाहीं असा क्षण आला. काकांनीं लय तसूभरही हलविली नाहीं. त्यांनीं फक्त बोटांचा भार कमी केला. तबला इतका हळू झाला कीं, मोकळी जागाच जागा झाली आणि बाई त्या जागेंतून अलगद समेवर उतरल्या. बैठकींत 'वाहवा' उठली. ती कॅसेटवर स्पष्ट ऐकूं येते. ती बाईंना होती.

मीं कॅसेट मागें फिरविली आणि तेवढा भाग पुन्हां लावला. ह्या वेळीं 'वाहवा' मीं म्हटलें. तीस वर्षें उशिरां. आपल्या घरांतही अशी एखादी जुनी फीत असेल. तिच्यावर साथीला कोण आहे, तें आज एकदां पाहा.