गच्चीवरचं ऊन आणि सोसायटीचं वीजबिल
(रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचे की नाहीत, हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत मतदानाला येणार आहे. बाजूने बोलणारे म्हणतात, ‘वीज फुकट!’ विरोधातले म्हणतात, ‘पैसे पाण्यात!’ बँकेत वर्षानुवर्षं कर्जाचे अर्ज तपासल्यामुळे अशी वाक्यं ऐकली की माझा हात आपोआप कागद-पेन्सिलीकडे जातो. तेव्हा आज फक्त हिशेब मांडतो.

बंगलेवाला आपल्या छपराचा राजा असतो. पुण्यातल्या आपल्यासारख्या फ्लॅटवाल्यांची गच्ची मात्र सगळ्यांची. म्हणून आपला प्रश्न कॉमन मीटरचा आहे, म्हणजे लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे.

उदाहरणासाठी २० किलोवॉटचा प्रकल्प धरू. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते, म्हणजे टाक्यांची आणि लिफ्टरूमची सावली सोडून २,००० चौरस फूट. खर्च किलोवॉटला ५५ हजार धरला, तर ११ लाख. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला जास्तीत जास्त ७८ हजार अनुदान आहे. सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॉटमागे १८ हजार. म्हणजे आपल्याला ३ लाख ६० हजार. उरले ७ लाख ४० हजार.

आता उत्पन्न. विक्रेते वर्षभराची आकडेमोड मे महिन्याच्या उन्हावर करतात. आपण पावसाळा आणि धूळ धरून किलोवॉटला वर्षाला १,३०० युनिट धरू. २० किलोवॉटला झाले २६,०००. धुण्या-पुसण्याचा, देखभालीचा खर्च आणि दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल त्याची तरतूद, मिळून वर्षाला ४५ हजार बाजूला काढू.

खरी मेख पुढे आहे. वाचलेलं युनिट किती रुपयांचं? महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटपर्यंत एक, मग ३००, मग ५००, आणि त्यापुढे सगळ्यात महाग. सोलरमुळे बिलातले वरचे, महागडे युनिट आधी गळतात. गुंतवलेल्या पैशांवर ७ टक्के व्याज सुटतं, तेही मोजून मी तीन उत्तरं काढली आहेत. वाचलेलं युनिट सरासरी १२ रुपयांचं असेल, तर पैसे सव्वातीन वर्षांत फिटतात. ८ रुपयांचं असेल, तर साडेपाच-पावणेसहा वर्षांत. आणि ५ रुपयांचंच असेल, तर जवळजवळ १४ वर्षं लागतात! प्रकल्प तोच, ऊन तेच. फरक फक्त आपल्या बिलाचा.

म्हणून पॅनेल किती लावायचे हे गच्चीच्या मापावर नव्हे, बिलाच्या मापावर ठरवा. नेट मीटर म्हणजे पासबुकच समजा. दिवसा जास्तीची वीज जमा, रात्री वापरलेली नावे. पण ३१ मार्चला शिल्लक राहिलेल्या युनिटांचे पैसे कमी दराने मिळतात. गरजेपेक्षा मोठा प्रकल्प म्हणजे चालू खात्यात पडून राहिलेली रक्कम.

दोन गैरसमजही काढून टाकू. स्थिर आकार द्यावाच लागतो, त्यामुळे बिल शून्यावर येत नाही. आणि बॅटरीशिवायचा हा प्रकल्प लाइट गेली की बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी सोयच केलेली असते. तेव्हा लिफ्टसाठी जनरेटर लागणारच.

आता थोडं अवघड बोलतो. पॅनेलची वॉरंटी साधारण २५ वर्षांची. आपली इमारतही आज २५ वर्षांची. काही सभासद आत्तापासूनच रिडेव्हलपमेंटचं बोलू लागले आहेत, आणि त्यात गैर काही नाही. पण मग पंचवीस वर्षांच्या बचतीचे तक्ते आपल्या कामाचे नाहीत. आपल्याला एकच विचारायचं आहे: इमारत पाडायच्या आधी पैसे वसूल होतात का? सहा वर्षांत होत असतील, तर मी ‘हो’ म्हणेन. चौदा वर्षं लागणार असतील, तर ‘नको’. पॅनेल उतरवून दुसरीकडे बसवता येतात. उभारणीवर गेलेला खर्च मात्र परत मिळत नाही.

वरच्या मजल्यावरच्या मंडळींना गळतीची भीती वाटते, आणि ती रास्त आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी, पॅनेल नंतर. उलटं केलं, तर पहिल्याच गळतीला सांगाडा उचलायचा खर्च दुप्पट डोकेदुखी देईल. स्ट्रक्चरल ऑडिट पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करायचंच असतं. त्याच इंजिनिअरकडून सांगाड्याचं वजन आणि वाऱ्याचा ताणही तपासून घ्यावा.

आम्हा सत्तरीपुढच्या मंडळींचा प्रश्न राहिला. ‘फेड होईपर्यंत आम्ही असू का?’ असं जिन्यात हळूच विचारलं जातं. पेन्शनीतून एकरकमी मोठी वर्गणी काढायला लावणं मला पटत नाही. सिंकिंग फंडालाही हात लावू नये; तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आहे. सोसायटीने कर्ज घ्यावं, आणि हप्ता बिलातल्या बचतीपेक्षा कमी बसेल अशी मुदत घ्यावी. मग मेंटेनन्स पहिल्या वर्षापासून वाढणार नाही, आणि कोणाच्या आयुष्याचा अंदाज बांधायची वेळ येणार नाही.

तेव्हा समितीला माझी विनंती आहे की सभेपुढे चार कागद ठेवावेत: मागच्या बारा महिन्यांची कॉमन मीटरची बिलं, इंजिनिअरचा दाखला, तीन कोटेशनं, आणि रिडेव्हलपमेंटबद्दल सभासदांचा लेखी कल. हे चार कागद समोर असले, तर मतदानाला पाच मिनिटं पुरतील. ते नसताना हात वर करू नका, मग बाजूने असो वा विरोधात.