जुन्या पिकअपची मंदावलेली ओढ : दोष शोधण्याचा क्रम



वाहनचालकांच्या बोलीत ‘पिकअप’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक अर्थ मालवाहू गाडीचा आणि दुसरा तिच्या वेग घेण्याच्या शक्तीचा. त्यामुळे “पिकअपला पिकअप राहिला नाही” ही तक्रार कोणालाही विचित्र वाटत नाही. पुणे जिल्ह्याचे आणि अशा गाड्यांचे नाते जुने आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेंपो कंपनीच्या नावातील ‘टेंपो’ हा शब्द मराठीत सर्वच लहान मालवाहू वाहनांचे सामान्यनाम होऊन बसला. २००५ साली त्या कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, तरी खेड्यापाड्यांतून ‘टेंपो’च राहिला.

कासार आंबोली हे गाव पौड रस्त्यावर, पिरंगुट आणि पौड यांच्या दरम्यान वसलेले आहे. येथून पुण्याच्या बाजारपेठेकडे जाणाऱ्या गाडीला पिरंगुटचा घाट चढून भुकूम, भूगावमार्गे चांदणी चौक गाठावा लागतो. सपाट रस्त्यावर झाकून राहिलेला गाडीचा दोष या चढावर उघडा पडतो. भाताची पोती किंवा भाजीचे क्रेट भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर रडू लागली, की मालकाच्या मनात पहिली शंका येते ती इंजिन संपल्याची. पुष्कळदा सल्लाही तसाच मिळतो : इंजिन उतरवा, पंप बदला. कर्ज काढून हा खर्च होतो आणि दोष मात्र कधी कधी जागच्या जागी राहतो. यावर उपाय एकच आहे. आधी स्वस्त आणि सोपे तपासावे, महाग आणि अवघड ते शेवटी तपासावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

प्रथम प्रश्न, नंतर पाना

गाडीला हात लावण्यापूर्वी चालकाने काही प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. ओढ एकाएकी कमी झाली की हळूहळू? गाडी रिकामी असतानाही जाणवते की केवळ भरलेली असताना? इंजिन थंड असताना की तापल्यावर? धूर निघतो काय, आणि कोणत्या रंगाचा? एकाएकी उद्भवलेला दोष बहुधा निसटलेली नळी, तुटलेली केबल किंवा इंधनातील पाणी याकडे बोट दाखवतो. महिनोन्‌महिने वाढत गेलेला दोष तुंबलेली जाळी किंवा झीज सुचवतो.

याच वेळी नोंदणी पुस्तकातील एकूण वजनाचा आकडाही पाहावा. मर्यादेपेक्षा अधिक माल भरलेल्या गाडीची तक्रार ही इंजिनाची तक्रार नव्हे.

शक्ती निर्माण होत नाही की अडते?

यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. इंजिनात शक्तीच निर्माण होत नाही, की निर्माण झालेली शक्ती चाकापर्यंत पोहोचत नाही? हे ओळखण्यास यंत्रांची गरज नाही.

सपाट, मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात गाडी न्यूट्रल करावी. ती सहज घरंगळत न जाता लवकर थांबली, तर ब्रेक धरून राहिले आहेत, बेअरिंग जड झाले आहे किंवा टायरमध्ये हवा कमी आहे. थोडे अंतर चालवून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा. ड्रमला स्पर्श करू नये. एखाद्या चाकाची धग इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक लागली, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही असे समजावे. हॅण्डब्रेकची गंजलेली केबल हेही नेहमीचे कारण आहे. हा दोष केवळ डिझेल खाणारा नाही. चढावर तापलेला ड्रम उतारावर दगा देतो. गाडीची कमी झालेली ओढ ही अशा वेळी ब्रेकच्या बिघाडाची पूर्वसूचना असते.

चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो, असे घडल्यास क्लच घसरत आहे. पॅडलला थोडी मोकळी चाल आहे की नाही हे आधी पाहावे. ती नसेल, तर केवळ जुळवणी करूनही दोष जाऊ शकतो. प्लेट झिजली असेल तर ती बदलणे अपरिहार्य आहे.

हवा आणि इंधन

या दोन्ही कसोट्यांत गाडी निर्दोष ठरली, की इंजिनाकडे वळावे. इंजिन बंद ठेवून एकाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि दुसऱ्याने पंपावरील लिव्हर शेवटपर्यंत जातो काय ते पाहावे. सैल झालेली केबल किंवा पॅडलखाली सरकलेले पायपुसणे यामुळेही गाडी अर्ध्या शक्तीवर धावते.

डिझेल इंजिनाला इंधनाइतकीच हवेची गरज असते. उन्हाळ्यात रस्त्याच्या कामांची धूळ एअर फिल्टरमध्ये साचते. कोंडलेल्या फिल्टरची खूण म्हणजे काळा धूर. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नये, आणि फिल्टर काढून गाडी कधीही चालवू नये. आत गेलेली धूळ सिलिंडर घासून टाकते. टर्बो असलेल्या गाडीत रबरी नळ्यांवर तेलकट काजळी आहे काय ते पाहावे. तेथील चीर शिट्टीसारखा आवाज करते आणि दाब वाया घालवते. दबलेला सायलेन्सरही इंजिनाचा श्वास कोंडतो.

मुळशीचा पावसाळा मोठा. अर्धवट रिकाम्या टाकीत ओलाव्याचे पाणी होते. शेडमध्ये कॅनमध्ये साठवलेल्या डिझेलातूनही पाणी आणि कचरा येतो. फिल्टरखालील स्क्रू सैल करून पाणी काढून टाकावे. टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर झाकणाचे श्वासछिद्र बुजलेले आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत आणखी एक उपयुक्त चाचणी करता येते. स्वच्छ डिझेलचा वेगळा डबा घट्ट बसवून त्याची नळी थेट पंपाला जोडावी. गाडी पूर्ववत ओढू लागली, तर दोष टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या मार्गात आहे. पंप निर्दोष ठरला.

धुराची भाषा

काळा धूर हवेची उणीव किंवा इंधनाचा अतिरेक सांगतो. तापलेल्या इंजिनाचा पांढरा धूर न जळलेले इंधन, चुकलेले टायमिंग किंवा आत शिरलेले पाणी सुचवतो. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. काळा धूर असताना पंपाचा स्क्रू फिरवून इंधन वाढवणे हा घातक उपाय होय. चार दिवस गाडी जोमदार वाटते. पुढे पिस्टन तापतात आणि धूर तपासणीत गाडी नापास होते.

इतके झाल्यावरच नोझलची बाकावरील चाचणी, व्हॉल्व्हची फट, पंपाचे कॅलिब्रेशन आणि कॉम्प्रेशन, या क्रमाने कुशल कारागिराकडून तपासणी करून घ्यावी. कॉम्प्रेशन खरोखर कमी भरले, तरच इंजिन उतरवण्याचा विचार करावा.

कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांत मात्र इंधनाच्या नळ्या स्वतः उघडू नयेत. त्यांतील दाब हजार बारच्याही वर जातो. त्याची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. अशा गाडीत सूचक दिवा लागल्यास स्कॅनरने दोषाचा संकेत वाचून घ्यावा. संकेत दिशा दाखवतो, निर्णय देत नाही. चांगल्या सेन्सरचाही संकेत फाटक्या नळीमुळे येऊ शकतो.

गावाचे काम

आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ही तपासणी केवळ औपचारिकता न मानता तिच्या आधी वरील क्रमाने गाडी पाहिली, तर मालकाचा खर्च वाचेल आणि रस्ताही सुरक्षित होईल. ओढ नसलेली गाडी चढावर रखडते. मग चालक वळणाआधी गाडी पळवतो, किंवा अपुऱ्या शक्तीनिशी दुसऱ्या वाहनाच्या पुढे जाऊ पाहतो. घाटात त्याची किंमत केवळ पैशांत मोजली जात नाही.

ग्रामपंचायतीने आपल्या कचरागाडीसाठी एक नोंदवही ठेवावी. तीत डिझेल, अंतर, फिल्टर बदलल्याची तारीख आणि ठरावीक चढ कोणत्या गिअरवर चढला एवढे लिहिले तरी पुरे. त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वजनासह घेतलेली ही नोंद दोष वाढण्यापूर्वीच तो दाखवून देते. शिक्षकांना याच नोंदींतून हवा, ज्वलन आणि घर्षण यांचे धडे वर्गात जिवंत करता येतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिक यांचे शिक्षण घेतलेले तरुण ज्या गावात असतील, तेथे पावसाळ्यापूर्वी एक दिवस सर्व गाड्यांच्या तपासणीसाठी ठेवणे सहज शक्य आहे.

गाडी जुनी होणे टाळता येत नाही. परंतु नीट न तपासता तिला निकालात काढणे आणि तिच्यावर अंदाजाने पैसा ओतणे, या दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी लागते ती थोडी सवड, एक वही आणि क्रम न सोडण्याचा संयम.