हरतां न येणारा खेळ

पत्त्यांचा डाव असो, सारीपाट असो वा बुद्धिबळ असो, खेळ म्हटला कीं त्यांत एकाची जीत व दुसऱ्याची हार ही ठरलेलीच, अशी आपली समजूत असते. परंतु गेल्या शतकाच्या अखेरीस एक असा खेळ जगभर पसरला कीं, त्यांत जीत मुळींच नाहीं. आहे ती केवळ हार, आणि ती किती लांबवितां येते एवढाच काय तो प्रश्न. हा खेळ म्हणजे टेट्रिस. १९९० नंतरच्या दशकांत जत्रेंतील खेळण्यांच्या दुकानांवर बॅटरीवर चालणारें, करड्या पडद्याचें, हातांत मावणारें जें यंत्र मिळे आणि ज्यावर मुलें जेवणखाण विसरून बसत, त्यांतला पडत्या ठोकळ्यांचा खेळ तो हाच. मुलें निजल्यावर वडीलधारी मंडळीहि तें यंत्र हळूच हातीं घेत, हें अनेक घरांतील गृहिणींना ठाऊक आहे.

खेळ सांगावयास सोपा. १० घरें रुंद व २० घरें उंच असा एक हौद कल्पावा. वरून एकामागून एक ठोकळे पडतात. प्रत्येक ठोकळा चार चौकोनांचा. तो फिरवितां येतो, पण पालथा घालतां येत नाहीं. असें धरल्यास चार चौकोन कडेस कड लावून जोडण्याच्या रीती सातच होतात. आडवी ओळ सबंध भरली कीं ती नाहींशी होते, मध्यें फट राहिली तर ओळ तशीच राहते. ढीग तोंडापर्यंत आला कीं खेळ संपला.

हा खेळ १९८४ सालीं मॉस्को येथें, विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रांत काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनीं रचला. त्यांच्याजवळील ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ हें यंत्र चित्रें काढूं शकत नसे, म्हणून ठोकळे कंसाच्या चिन्हांनीं दाखवावे लागले. पुढें वादिम गेरासिमोव्ह नांवाच्या सोळा वर्षांच्या शाळकरी मुलानें तो दुसऱ्या जातीच्या यंत्रांवर चालेल असा करून दिला. चार या अर्थाचा ग्रीक शब्द आणि पाजित्नोव्ह यांचा आवडता टेनिसचा खेळ, या दोहोंच्या संयोगानें नांव सिद्ध झालें. चौकोन जोडून होणाऱ्या आकृतींचें शास्त्र मात्र त्याहून जुनें. अमेरिकन गणिती सॉलोमन गोलोम्ब यांनीं १९५३ मध्येंच त्यांस नांव देऊन त्यांचा अभ्यास आरंभिला होता.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, ज्याचा हात कधीं चुकत नाहीं व डोळा कधीं थकत नाहीं अशा खेळाडूला तरी हा खेळ अखंड चालवितां येईल काय? १९९२ सालीं कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत जॉन ब्रझुस्टोव्स्की यांनीं याच प्रश्नावर प्रबंध लिहिला, आणि १९९७ मध्यें हायडी बर्गील या गणितज्ञ बाईंनीं त्याचें उत्तर अधिक नेमकें केलें. उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचें कारण कोणाहि चौकस श्रोत्यास पाटीपेन्सिलीनें पडताळतां येण्याजोगें आहे.

सातांपैकीं दोन ठोकळे नागमोडी आहेत. एकाचें वळण डावीकडे, दुसऱ्याचें उजवीकडे. जणूं एकमेकांचीं आरशांतील प्रतिबिंबें. हे दोनच प्रकार आलटून पालटून पडूं लागले असें समजा. नागमोडी ठोकळा उभा केला कीं तो दोन घरें रुंद जागा व्यापतो, म्हणून १० घरांच्या हौदाचे पांच गाळे होतात. एका गाळ्यांत एकाच वळणाचे ठोकळे एकावर एक रचीत गेलें तर ते नीट बसतात. तळाशीं एखादें घर रिकामें राहील तेवढेंच. परंतु एका वळणाच्या गाळ्यांत दुसऱ्या वळणाचा ठोकळा पडला कीं मध्यें भोंक राहिलेंच. गाळे तर पांच, म्हणजे विषम. दोन वळणांस ते सारखे वांटतां येत नाहींत. एकास तीन, दुसऱ्यास दोन. ठोकळे मात्र दोन्ही वळणांचे सारख्याच संख्येनें येतात. ओळी जुळावयाच्या तर सर्व गाळे बरोबरीनें चढले पाहिजेत, आणि तें येथें साधत नाहीं. दोन गाळ्यांकडील ठोकळे शिल्लक पडतात, तीन गाळ्यांकडे ते कमी पडतात. शेवटीं शिल्लक ठोकळा परक्या गाळ्यांत टाकावा लागतो, भोंक पडतें, ढीग चढतो. बर्गीलबाईंनीं दाखविलें कीं, असे ठोकळे एकांआड एक पडत राहिले तर ७०,००० ठोकळ्यांच्या आंतच कोणाचाहि डाव आटोपतो.

कोणी म्हणेल, ठोकळे तर सोडतीनें पडतात. इतकी खोडसाळ रांग येईल कशाला? परंतु सोडत अनंत काळ चालली तर कोणतीहि मर्यादित रांग केव्हां ना केव्हां येणारच. ती युगायुगांनीं येईल, पण येईल. व्यवहारांत माणूस त्यापूर्वींच दमतो, ही गोष्ट निराळी. २०२३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील ओक्लाहोमा राज्यांतल्या तेरा वर्षांच्या एका मुलानें जुन्या यंत्रावर हा खेळ इतका वेळ चालविला कीं, अखेर यंत्रच गोठून बसलें.

आतां हाच खेळ सोपा करून त्यांतील हार काढून टाकतां येईल काय? येते, आणि एक नव्हे, अनेक वाटांनीं. सर्वांत साधी वाट नंदुरबारच्या मिरची बाजारांतील हमालास उपजतच ठाऊक असते. पथारीवर वाळलेली मिरची पोत्यांत भरली जाते, आणि पोतीं एकाच मापाचीं असल्यामुळें गाडींत थर बिनचूक बसत जातात. तीं रचण्यासाठीं डोकें खाजवावें लागत नाहीं. खेळांतहि केवळ चौरस ठोकळे पडूं दिले तर पांच ठोकळ्यांनीं तळ भरतो व दोन ओळी नाहींशा होतात. केवळ लांबट ठोकळे दिले तर दहा उभे केले कीं चार ओळी साफ. त्या खोडसाळ नागमोडी जोडीलाहि वेसण घालतां येते: हौद १० ऐवजीं १२ घरें रुंद करावा. गाळे सहा झाले, तीन एका वळणाला व तीन दुसऱ्याला. ठोकळे एकांआड एक पडत आहेत तोंवर तक्रार संपली! दोन घरांच्या रुंदीनें निश्चित हार टळावी, ही गणिताची गंमत खरोखर मोठी आहे. पुढील काळांत निघालेल्या पुष्कळ आवृत्त्यांत सातहि ठोकळे एकेकदां देऊन झाल्याखेरीज दुसरा फेरा सुरू होत नाहीं, त्यामुळें नागमोड्यांची लांबलचक रांग मुळीं लागतच नाहीं.

दुसरी वाट क्षमेची. २०१८ सालीं निघालेल्या ‘टेट्रिस इफेक्ट’ या आवृत्तींत एक प्रकार असा आहे कीं, ढीग तोंडाशीं आला तरी खेळ थांबत नाहीं. हौद रिकामा होतो आणि पुनः चालूं. या दोन वाटांत भेद आहे. पहिलींत नियमच असे आखले आहेत कीं, नीट खेळणारा हरूं शकत नाहीं, पण निष्काळजी खेळणाऱ्याच्या हातून फट राहतेच. दुसरींत कसेंहि खेळा, शासन नाहीं. आजोबा नातवाशीं सोंगट्या खेळतांना मुद्दाम हरतात, तशांतली ही गोष्ट. चार वर्षांच्या मुलाला त्यांत आनंद असतो. सात वर्षांच्या मुलाला लबाडी कळते आणि तो पट उधळून उठतो. निदान यंत्रानें तरी ही सवलत उघड सांगावी. गुपचूप दिलेली सवलत म्हणजे खेळणाऱ्याचा अपमान होय.

तरीहि क्षमेच्या वाटेस नांवें ठेवण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. २००९ सालीं ऑक्सफर्ड येथें एमिली होम्स व त्यांचे सहकारी यांनीं प्रयोग केला. भीषण दृश्यांचा चित्रपट पाहिल्यानंतर ज्यांनीं टेट्रिस खेळला, त्यांच्या मनांत तीं दृश्यें पुढील आठवड्यांत कमी वेळां उसळून आलीं. पुढें तेथील रुग्णालयांत मोटार अपघातानंतर कांहीं तासांच्या आंत आलेल्या लोकांवर हाच उपाय करून पाहिला. ७१ जण त्यांत सामील होते, आणि खेळणाऱ्यांस त्या आठवड्यांत नको त्या आठवणींचा त्रास कमी झाला. हें औषध म्हणून घरोघर वांटावें असें कोणी समजूं नये. पण डोळ्यांपुढें आकृति जुळविण्यांत मन गुंतलें म्हणजे भीतीच्या चित्रांस जागा उरत नाहीं, असा त्यामागील विचार आहे, आणि त्या विचारांत हारजितीला कांहींच काम नाहीं. ज्याचा हात कांपतो आहे, ज्याचा श्वास अजून ठिकाणावर नाहीं, अशा माणसापुढें ‘डाव संपला’ अशी पाटी न येणारा खेळ ठेवणें ही दया कीं लाड, हें त्या खाटेजवळ उभें राहूनच ठरवावें लागेल.

आणि हरतां न येणाऱ्या खेळासाठीं यंत्रच लागतें असेंहि नाहीं. देवळालीच्या शाळेंत १९३० पासून १९६२ पर्यंत शिकविणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनीं १९४९ सालीं असाच एक खेळ अंकांचा शोधून काढला. चारहि अंक एकच नसतील अशी कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे लावावेत, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि वजाबाकी करावी. उत्तरावर पुनः तेंच. फार तर सात पावलांत ६१७४ ही संख्या हातीं येते, मग आरंभ कोठूनहि असो. धुळ्यापासून नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला तें साल १९९८. ९९८१ मधून १८९९ गेले, उरले ८०८२. ८८२० मधून ०२८८ गेले, उरले ८५३२. ८५३२ मधून २३५८ गेले, उरले ६१७४. आज रात्रीं जेवणानंतर घरांतील प्रत्येकानें आपापलें जन्मसाल घेऊन बसावें. वजाबाकींत हातचा चुकला नाहीं तर आजी व नात एकाच ठिकाणीं पोंचतील, मात्र कोण किती पावलांत पोंचेल हें आधीं सांगतां येणार नाहीं.